पाद्रीबाबांचा तांब्या

चँडलर, ऑक्टोबर १९८४

प्रिय आई,
व्हिन्सीचा गोड पापा.

इथे वाळवंटात मी एकटाच राहतो, पण खाण्यापिण्याचे हाल नाहीत. बाबांचा गुडघा कसा आहे?

शेकडो वर्षांपूर्वी धर्मप्रचाराला आपल्या वसईहून चीनकडे पायी निघालेले आंद्रे पाद्रीबाबा परतलेच नाहीत. त्यांच्या सणाला तू दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवतेस, तसा यंदा मीही ठेवला. फक्त बाहेर कोल्हे फिरतात, म्हणून दाराच्या आत ठेवला.

सकाळी तांब्या रिकामा होता. कार्पेटवर अनवाणी, ओली पावलं उमटली होती. सगळी आत येणारी. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

आता तांब्या रोज भरावा लागतो. त्यांना निरोप देताना काय म्हणायचं असतं, ते जरा लवकर कळव.

बाकी आम्ही दोघंही बरे आहोत.

तुझा,
व्हिन्सी