घरची उतरण

३ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! विमानांच्या हँगरमध्ये पाऊल टाकताच इथले मुख्य मेकॅनिक, उस्ताद डॉन एलिसेओ ओरडले, “आला रे डोंगरातला पोरगा! स्वेटर काढ बाबा, उकडून मरशील.” सगळे खिदळले, मीही. दुपारी त्यांच्या लेकीने, आल्बाने, सुक्या मांसाचा भात वाढला, वर तळलेलं केळं. आठवा महिना, तरी बाईचा हात थांबत नाही. उद्या ती नवऱ्याकडे कुरणावर परतेल.
इथला नियम एकच. दुरुस्तीनंतर विमान घरच्या धावपट्टीवर पहिल्यांदा उतरताना, पाना फिरवणाऱ्याने वैमानिकाशेजारी बसायचं. सही कागदावर नाही, जिवावर. मला हे फार आवडलं.

८ फेब्रुवारी
आमचं छोटं विमान उतरल्यावर डावीकडे ओढ घेतं. डावीकडे तोबोरोचीच्या झाडाखाली इथल्या जुन्या वैमानिकाच्या, एर्लानच्या, विमानाचा सांगाडा पडलाय. गेल्या साली उतरतानाच ते भरकटलं नि एर्लान गेला. पुरामुळे नवे सुटे भाग येत नाहीत, म्हणून मी सांगाड्यातला ब्रेक काढून बसवला. मेल्याचं सामान वापरण्यात इथे कुणाला वावगं वाटत नाही. मग शेजारी बसलो. माझ्या पायाशीही विमान वळवायची पेडलं होती. कॅप्टन मिर्थाने बजावलं, त्यांना पाय लावायचा नाही. अगदी सरळ उतरलो. आज झोप छान लागेल.

१३ फेब्रुवारी
पुन्हा ओढ, आणि जास्तच. पुढच्या चाकाचा दांडा बदलला, तोही सांगाड्यातलाच. मिर्था उजवं पेडल जीव खाऊन दाबत होती, तरी झाडापासून हातभरावर थांबलो. ती म्हणाली, “लिंबेर, तू दुरुस्त करतोस की बिघडवतोस रे?” सगळं खोलून पाहिलं. काहीच मोडलेलं नाही. मला भीती वाटते.

१४ फेब्रुवारी
उस्ताद पिऊन रडले. एर्लानच्या विमानावर शेवटचा पाना त्यांचाच होता. गावात जत्रा, म्हणून ते बसले नाहीत. एर्लान हसून म्हणाला होता, “उस्ताद, तुमची सीट राखून ठेवतो.”

१६ फेब्रुवारी
आल्बाला अवेळी कळा. मूल आडवं. कुरणाला पुराचा वेढा, विमानाशिवाय वाट नाही. सांगाड्यातलं सगळं काढून जुनं, झिजलेलं परत बसवलं. पाना उस्तादांनीच फिरवला, मला हात लावू दिला नाही. मग बसायची वेळ आली तर ते विमानाच्या दारातूनच मागे फिरले. म्हणाले, “तू बस रे लेकरा.”
बसलो.

विमानात
कुरणावर नीट उतरलो. आता परत. आल्बा मागे आडवी, कण्हतेय. हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहितोय—
घरची पट्टी दिसली. झाडाखाली उस्ताद उभे, सांगाड्याशी. हात हलवताहेत—
नाक डावीकडे वळतंय. अजून चाकंसुद्धा टेकली नाहीत—
थेट उस्तादांकडे—
मिर्था किंचाळतेय, लिंबेर, डाव्या पेडलवरचा पाय काढ, मेल्या, काढ—
माझे पाय तर दोन्ही वर सीटवर, मी पोटाशी घेऊन—