वरचे पैसे

प्रिय,

वर ‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं. लग्नानंतर तुला जहाजावर जेवढी पत्रं पाठवली ती सगळी याच शब्दानं सुरू झाली, म्हणून हातानं तो आपसूक लिहिला. त्यावरून माझा राग उतरलाय असा अर्थ काढू नकोस. परवा फोनवर तू म्हणालास, “पोराला चार पैसे जास्त दिले म्हणून एवढं आकांडतांडव? मी कमावतो, माझ्या मुलाला किती द्यायचे ते मी ठरवीन.” मी तोंड उघडणार तेवढ्यात तुला इंजिनरूममधून कुणीतरी हाक मारली. तुला अशा हाका नेहमी अगदी वेळेवर येतात. बरं, आता बोलायची पाळी माझी आहे.

गुंड्या कॉलेजात जायला लागला तेव्हाची संध्याकाळ आठव. तू सुट्टीवर होतास. जेवणाच्या टेबलाशी आपण तिघं बसलो होतो आणि त्याला दरमहा हातखर्चाला किती द्यायचे यावर आपली जुंपली होती. तू एक आकडा सांगितलास तो ऐकून मला ठसका लागला. मी एक सांगितला तर तू म्हणालास, “एवढ्यात तर कॉलेजातली मांजरसुद्धा जगणार नाही.” गुंड्या टेनिसची मॅच बघावी तसा एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी ठरलं. बसचा पास, फोन, कॅन्टीनचा चहा आणि महिन्याकाठी एखादा सिनेमा, एवढ्याला पुरतील असे पैसे. त्यापुढचं काही हवं असेल तर सुट्टीत काम करून मिळवायचं नाहीतर त्याशिवाय राहायचं. तूच त्याचा हात हातात घेऊन म्हणालास, “आईचं ऐकायचं बरं का.” मला ते फार आवडलं होतं. घरातला एक निर्णय तरी आपण दोघांनी मिळून घेतला, असं वाटलं होतं.

पहिल्या महिन्यात त्याची पंधरवड्यातच बोंब झाली. पुढचे दिवस साहेब घरून डबा घेऊन गेले आणि परत येताना दोन स्टॉप चालत आले. तोंड पाडून फिरत होता, पण मी विरघळले नाही. दुसऱ्या महिन्यातही थोडी कुरकुर झाली. तिसऱ्या महिन्यापासून सगळं शांत. मला वाटलं, पोरगा शिकला. दवाखान्यात आमच्या एक्स-रे विभागात मी ज्याला त्याला सांगत सुटले की आमच्या चिरंजीवांना पैसे राखायला जमायला लागलं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तर स्वतःच्या मुलीसाठी माझा सल्ला घेतला. मी दिलासुद्धा, मोठ्या तोऱ्यात! आणि तिकडे तू दर महिन्याला, ठरलेल्याच्या तिप्पट, थेट त्याच्या खात्यात टाकत होतास. वर “आईला बोलू नकोस, उगाच तिच्या नाकाला मिरच्या झोंबतील” असं सांगत होतास. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून, माझा मुलगा कपाळाला आठ्या घालून “या महिन्यात जरा ओढाताण आहे” म्हणायचा आणि मी त्याच्या ताटात एक अंडं जास्त वाढायचे. तुम्ही दोघं फोनवर हसत असाल ना?

मला कंजूष म्हणायची तुला जुनी हौस आहे. म्हण. पण तुझे ते पैसे कशाचे होते, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. लग्नाआधी तूच मला सांगितलं होतंस, की कॉलेजात असताना मित्र कॅन्टीनमध्ये शिरले की तू बाहेर नोटीस बोर्ड वाचत उभा राहायचास. पुन्हा पुन्हा त्याच सूचना वाचायचास, कारण तुझ्या वडिलांनी तुला बसभाड्यापलीकडे कधी काही दिलं नाही आणि मागितलं की “कशाला?” म्हणून सगळ्यांसमोर विचारलं. ते ऐकून मी रडले होते. मी तुझ्यावर प्रेम केलं त्यात त्या नोटीस बोर्डाचाही वाटा आहे. पण गुंड्या कधीच त्या बोर्डासमोर उभा नव्हता रे. तो आत बसून सामोसे खात होता. तू ज्याला पैसे पाठवत होतास तो तूच होतास, तो जुना तू. माझ्या मुलाचा फक्त खाते क्रमांक तू वापरलास.

मोटारसायकलचा विषय त्यानं याच टेबलाशी काढला होता. तू तेव्हा फोनच्या पडद्यावर होतास. मी म्हटलं, आधी परवाना, मग स्वतःच्या कमाईची गाडी, तोवर बस. तू काय म्हणालास? “आई नाही म्हणतेय तर नाही, गुंड्या.” आणि पुढल्याच महिन्यात तुझ्या वरच्या पैशांनी त्यानं जुनी गाडी घेतली. ती कुठे ठेवायची? तर जिराफाच्या घरामागे, प्लॅस्टिकच्या कागदाखाली. तुझ्या लेखी तो नुसता ‘तो मुलगा’ आहे, म्हणून जिराफ म्हणजे कोण ते सांगते. गुंड्याच्या वर्गातला तो उंच, सडपातळ मुलगा; आपल्या दारातून आत येताना मान वाकवायची त्याला सवय लागली आहे. त्याचे वडील कुलपं दुरुस्त करतात, आई एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम बघते. व्हॉलीबॉलमध्ये तो कॉलेजच्या संघात होता. होता, असंच लिहावं लागतंय.

त्या दिवशी मी दुपारच्या पाळीला होते. स्ट्रेचर आत आलं तेव्हा मला आधी दिसले ते पाय, कारण ते स्ट्रेचरच्या बाहेर आले होते. एकाच पायात बूट. चेहरा बघायच्या आधीच कोण ते कळलं. “काकू,” तो म्हणाला. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून थेट कढईतून खाणारा तो मुलगा मला काकू म्हणाला आणि मला एक्स-रेसाठी त्याचा पाय सरळ करायचा होता. रोजचं काम आहे माझं. तरी त्यानं जो आवाज काढला तो माझ्या कानातून जात नाही. पडद्यावर मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं आणि गुडघ्याची वाटी पार फुटलेली. मी त्याला विचारलं, काय झालं रे? तो छताकडे बघत म्हणाला, “वळणावर घसरलो, काकू. दुकानाच्या भिंतीवर.” बाहेर आले तर पाणी प्यायच्या नळाशी गुंड्या उभा. कोपर खरचटलेलं, शर्टाची बाही फाटलेली, बाकी धडधाकट. “तू होतास बरोबर?” मी विचारलं. तो म्हणाला, “मी मागे बसलो होतो.” आणि मी, मूर्ख बाई, देवाचे आभार मानले.

पोलीस येऊन दोघांचे जबाब घेऊन गेले. जिराफ चालवत होता, त्याच्याकडे परवाना होता, रस्त्यावर तेल सांडलेलं होतं. गाडीही त्याचीच असेल असं मी धरून चालले. माझ्यापुरतं संपलं. तू फोन करून म्हणालास, “त्या मुलाचा सगळा खर्च आपण करू, बिचारे गरीब लोक आहेत.” मला तुझा किती अभिमान वाटला! फोन ठेवल्यावर मी बहिणीला सांगितलं, माणूस लांब आहे पण मनानं मोठा आहे.

मग एके दिवशी जिराफाची आई माझ्या विभागाच्या दाराशी येऊन उभी राहिली. पिशवीत फळं होती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि माझी माफी मागितली. नीट वाच. तिनं, माझी. “माझ्या धसमुसळ्यानं तुमच्या लेकालाही मारलं असतं, ताई. आणि तुम्ही वर त्याच्यासाठी एवढा खर्च करताय. मी त्याला म्हटलं, एवढी अक्कल नाही तर गाडीला हात कशाला लावायचा?” तो प्लॅस्टरमध्ये पडलेला असताना ती त्याला हे रोज ऐकवत होती. आणि तो ऐकून घेत होता.

मी फळं घेऊन घरी आले आणि गुंड्याला हे सगळं कौतुकानं सांगितलं. मी कपड्यांना इस्त्री करत होते. तो खुर्चीत बसला होता, तो तसाच जमिनीवर बसला. म्हणाला, “आई, गाडी मी चालवत होतो.” मी इस्त्री फिरवत राहिले. काहीतरी जळल्याचा वास आला तेव्हा तिचा प्लग काढला. मग सगळं बाहेर पडलं. गाडी कुणाची, पैसे कुणाचे, किती महिन्यांपासून. भिंतीला धडकल्यावर त्यानं पहिला फोन मला केला नाही. माझा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण फोन त्यानं समुद्रावर केला. आणि तू, माझ्या मोठ्या मनाच्या माणसा, तू त्याला म्हणालास, “घाबरू नकोस. तुझ्याकडे परवाना नाही, त्याच्याकडे आहे. त्याला म्हण, तू चालवत होतास असं सांग. दवाखान्याचं बिल मी बघतो.” रस्त्यावर पाय मोडून पडलेल्या मुलाशी तू सौदा केलास. त्यानं हो म्हटलं, कारण त्याला आपल्या बापाच्या दुकानाची कमाई माहीत होती.

आणि तुला वाटतं कुणाचं काही बिघडलं नाही. त्याचा परवाना चौकशी संपेपर्यंत पोलिसांनी ठेवून घेतलाय. त्या परवान्याच्या जोरावर तो शनिवार-रविवार एका औषधाच्या दुकानाची औषधं घरोघर पोचवायचा. त्याचा हातखर्च त्याला कुणी देत नव्हतं, तो तसा मिळवायचा. दुकानदारानं दुसरा माणूस ठेवलाय. डॉक्टर म्हणतात चालेल, पण खेळायचं विसरा. हे मी तुला परवा फोनवर सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास आठवतंय? “मग थोडे वाढवून देऊ त्यांना.” तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर हेच एक मलम आहे. मला त्या क्षणी तू समोर हवा होतास. फोन भिंतीवर आपटायचा तो मी कसाबसा टेबलावर ठेवला.

गुंड्याला मी मारलं नाही. मारायला हात उचलला होता, पण तो मान पुढे करून बसला, म्हणून जमलं नाही. तो आधी जिराफाकडे गेला, एकटा. मी जिन्याखाली थांबले. त्याच्या आईचा आवाज खालपर्यंत आला. तिनं त्याला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही, त्यातलं एकही अक्षर चूक नव्हतं. दार धाडकन लावलं. मग पुन्हा उघडलं आणि ती खाली माझ्यापर्यंत आली. म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?” मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? ती म्हणाली, “बिल तुम्ही भरायचंच आहे. उपकार म्हणून नाही.” मी मान हलवली. घरी येताना मी गुंड्याला विचारलं, जिराफ काय म्हणाला. त्यानं सांगितलं, “म्हणाला, एवढे दिवस लावलेस?”

तर ऐक. बिल आपण भरू, सगळं, त्याच्या गुडघ्याला पुढे जे काही लागेल तेही, आणि बदल्यात कुणाकडून एक शब्द मागणार नाही. गुंड्याच्या खात्यात तू यापुढे काही टाकायचं नाहीस. कमी नाही, जास्त नाही, काहीच नाही. त्यानं एका गोदामात सुट्टीच्या दिवसांचं काम धरलंय. उद्या सकाळी मी रजा टाकली आहे. आम्ही दोघं पोलीस चौकीत जाणार आहोत आणि तो त्याचा जबाब बदलणार आहे. गाडी मी चालवत होतो, परवाना नव्हता, खोटं मी सांगायला लावलं, आणि ते मला वडिलांनी सुचवलं. शेवटचं वाक्य त्यानं माझ्यासमोर म्हणून बघितलं, तेव्हा रडला. “बाबांचं नाव घ्यायलाच हवं का?” असं विचारलं. मी म्हटलं, हो. दंड होईल, खटलाही होईल, कॉलेज काय करेल देव जाणे. वकील मी बघितला आहे. तुझ्या ओळखीचा नाही. हे सगळं फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण तू लगेच त्याला फोन केला असतास, “मी बघतो” म्हणाला असतास, आणि माझी खात्री आहे की त्यानं तुझं ऐकलं असतं. आजवर ऐकत आलाय. म्हणून त्याचा फोन मी माझ्या कपाटात ठेवलाय आणि तुला पत्र लिहिलंय. कंपनीच्या माणसानं ते पुढच्या बंदरावर तुझ्या हातात ठेवेपर्यंत तो जे बोलायचं ते बोलून बसलेला असेल. मग ये. पैसे पाठवू नकोस, तू ये.

तुझीच, आणि उद्या सकाळी त्याच्या शेजारी उभी असणारी,
त्याची आई