मागचा आवाज काढा

९ नोव्हेंबर, रविवार
…आणि भाकरीचं पीठ मळून झालं की फोन तांदळाच्या डब्याला टेकवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं, मग एक हात तव्यावर आणि डोळे वहीत. हे रात्रपाळी करून कंपनीच्या बसने आलेले, खाटेवर पडलेले. मी माझी कथा मोठ्याने वाचायची, हे खोकायचे. खोकून झालं की शेरा. "ती मैना अजून नदीवरच रडतेय? उडी मार म्हणावं, नायतर घरी ये. मला झोपायचंय." एक कथा सरळ पुरी होऊ दिली नाही.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. रेकॉर्डिंग फोनमध्ये तशीच आहेत. यांचा आवाज दुसरीकडे कुठे नाही, पण मला त्याचं काही नाही. ऐकली नाहीत ती केवळ वेळ नाही म्हणून. मला माझ्या कथा हव्यात. ऑडिओबुक काढणार. ठरलं.

११ नोव्हेंबर
महाडहून लॅपटॉप आणला. दुकानदार विनीत म्हणाला, यात एआयसाठी वेगळा प्रोसेसर आहे. गाणी, चित्रं, आवाज असली कामं करणाऱ्यांसाठी. नेट लागत नाही, सगळं आतल्या आत होतं. आमच्या सव गावात गरम पाण्याच्या कुंडाकडे गेलं तरच नेट मिळतं, तेव्हा हे बरं. विचारलं, माझा आवाज ठेवून बाकीचं काढेल का? म्हणाला, "काकी, कुत्रं भुंकलेलं पण काढतो." मला लगेच हे आठवले.

निघताना म्हणाला, मूळ फाइली वेगळ्या जपून ठेवा. पेनड्राइव्ह खपवायचा असतो या दुकानदारांना. घेतला नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी
सगळं लॅपटॉपवर घेतलं. फोन भरला होता, तिथलं पुसलं. माझ्या आवाजाचा नमुना दिला आणि 'मागचा आवाज काढा' दाबलं. मशीनने विचारलं, जुन्याच्या जागी ठेवू? ठेव म्हटलं. मला पसारा आवडत नाही.

चहा उकळेपर्यंत सगळ्या कथा साफ. मला संसारभर जे जमलं नाही ते याने एका चहात केलं.

ऐकून तपासायला हवं. उद्या.

१४ नोव्हेंबर
तपासलं नाही. चांगल्या मशीनवर विश्वास ठेवावा. उद्या बुद्धविहारात बायकांना ऐकवणार. शेजारच्या उज्वलाला सांगितलं, रुमाल घेऊन ये, रडशील.

१५ नोव्हेंबर, शनिवार
विहारात स्पीकरला जोडलं. आवाज एकदम स्वच्छ. मैना नदीवर गेली. मग शांत. मग माझाच आवाज, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" पुन्हा शांत. मग मी हसले. केवढी हसले. मी अशी हसायचे हे मला आठवत नाही. मग "गप्प बसा हो" आणि वाचन पुढे. दर पानाला हेच.

मागून सुंदराबाई म्हणाली, "ही कोणाला बोलते गो?" बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी सांगितलं, टेक्निकल आहे.

उज्वला रडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "वहिनी, भाऊंचं कुठं हाय?" म्हटलं, काढलं. "काढलं? आम्ही सकाळी भांडी घेऊन तुमच्या खिडकीखाली बसायचो ते कशाला? भाऊ काय बोलतात ते ऐकायला. तुमची मैना कोणाला हवी होती!"

साहित्यातलं तिला काही कळत नाही. तरी विचारलं, तू कधी फोनवर घेतलं होतंस का गो? नाय म्हणाली.

विनीतला फोन केला. म्हणाला, जुन्याच्या जागी ठेवलंत म्हणजे गेलं ते, काकी. मशीनने काम नीटच केलंय.

मी तरी दुसरं काय म्हणतेय?

१६ नोव्हेंबर
आज भाकऱ्या केल्या नाहीत. सकाळीच लॅपटॉपसमोर बसले आणि यांची वाक्यं आठवतील तशी माझ्या आवाजात बोलून ठेवली. मधे मधे यांच्यासारखी खोकलेही. मग ऐकून पाहिलं. सफाई चालूच राहिली होती. बोलणं सगळं आहे. खोकला तेवढा काढलाय.