वही क्रमांक सतरामधील गहाळ पान आणि निलंबित दप्तर-कारकून

प्रति,
मा. अधीक्षक,
जुने दप्तर व अभिलेख कार्यालय

विषय : कारकुनाविरुद्धची तक्रार मागे घेणे व पान परत लावणे.
संदर्भ : अर्जदाराचीच मागील महिन्यातील तक्रार.

महोदय,

अर्जदार निवृत्त मुद्रितशोधक असून घरबसल्या कामे घेते. हिंदू जातिव्यवस्थेचा अभ्यास कोणी, कसा केला याचा इतिहास सांगणाऱ्या एका ग्रंथाची मुद्रिते तिच्याकडे आली. त्यात वाक्य होते : ‘दोर वळणारे जन्मतः खोटे बोलतात, असे ते स्वतःच सांगतात.’ आधार म्हणून जुन्या जातपाहणीची वही सतरा, पान एक्केचाळीस दिले होते. ती वही अर्जदाराच्या आजोबांनी लिहिलेली. पाहणीच्या साहेबांसाठी लोकांची उत्तरे टिपून घेणे हे त्यांचे काम होते. घरात त्यांचा अभिमान होता, म्हणून अवतरण मूळ पानाशी ताडून पाहावेसे वाटले.

दप्तर-कारकुनांनी पहिल्या खेपेस वही बांधणीला गेल्याचे सांगितले, दुसऱ्या खेपेस कपाटाची किल्ली सापडत नव्हती. तिसऱ्या खेपेस वही मिळाली, पण चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस. कडेला पात्याचा सरळ काप होता. अर्जदाराला संशय आला आणि तिने तक्रार केली. आपण कारकुनांना निलंबित केले.

त्यानंतर ते स्वतः घरी आले व पान टेबलावर ठेवून म्हणाले, “ताई, आम्ही दोर वळणाऱ्यांतले. हेच वाक्य माझ्या मुलीला भर वर्गात पुस्तकातून मोठ्याने वाचायला लावलं. दुसऱ्याच दिवशी मी पान कापलं.”

अर्जदाराचा विश्वास बसला नाही. पान बनावट असेल, म्हणून आजोबांच्या पत्रांशेजारी ठेवून भिंगातून पाहिले. अक्षर त्यांचेच निघाले. मग त्यांची रोजनिशी काढली. पानावरच्या तारखेस आजोबा दोरवाल्यांच्या गल्लीत नव्हतेच. आठ दिवस तापाने घरी पडून होते. त्या दिवशीची नोंद अशी : ‘अंथरुणात बसूनच तीन जातींची उत्तरे उरकली. साहेब खूश.’

अर्जदार त्या दिवशी जेवली नाही.

ग्रंथाच्या लेखकांना कळवले असता ते म्हणाले, “पाच ग्रंथांत आलंय बाई, म्हणजे आधार भक्कम आहे. तुम्ही स्वल्पविराम बघा.” पाचही ग्रंथ अर्जदाराने काढून पाहिले. प्रत्येकाने आधीच्याचा हवाला दिला आहे आणि सगळे येऊन थांबतात ते एका आजारी माणसाच्या अंथरुणापाशी.

सबब विनंती की,

१. अर्जदाराची तक्रार रद्द करून कारकुनांना कामावर घ्यावे. पान कापणे चूकच होते, हे त्यांनाही मान्य आहे.

२. पान वहीत परत लावावे. ते नाहीसे झाले तर वाक्य पाच ग्रंथांत तसेच राहील आणि ते खोटे होते याचा पुरावा तेवढा जाईल. “लावतो,” असे कारकून म्हणाले, “पण शेजारी रोजनिशीचं पान लागलं पाहिजे.” अर्जदारास ते मान्य आहे.

३. दोन्ही पानांची साक्षांकित प्रत ग्रंथ छापण्यापूर्वी लेखकांस पाठवावी.

आपल्या कार्यालयात कागद कसे हलतात ते अर्जदाराने पाहिले आहे, त्यामुळे मूळ पाने टपालाने पाठवलेली नाहीत. कारकून रुजू होतील त्या दिवशी ती त्यांच्या हाती दिली जातील आणि डिंक वाळेपर्यंत अर्जदार समोर बसून राहील.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
वही सतरा लिहिणाऱ्याची नात

दिनांक : ९ जून
सोबत : रोजनिशीच्या पानाची छायाप्रत. मूळ घरी, कुलुपात.