काष्ठमित्र यांचे परखड मत

२ जानेवारी, गुरुवार

प्लायवुड कंपनीची डायरी. दरवर्षी फुकट येते आणि दरवर्षी सरोजिनी तिच्यात वाणसामानाच्या याद्या लिहिते. यंदा आधी मी ताब्यात घेतली. यंदा लिहिण्यासारखं घडणार आहे.

आज एक गिऱ्हाईक. नाव केयूर, खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. शनिवार-रविवार घरी सुतारकाम करायचं म्हणतो. छंद. त्याला रंधा म्हणजे काय इथपासून सांगितलं. पातं किती बाहेर काढायचं, सागावर कसा चालवायचा, आंब्याच्या फळीवर कसा. सव्वा तास. काचेच्या कपाटातून चार रंधे काढून दाखवले. त्याने चारींचे फोटो काढले, ‘काका, तुमचं नॉलेज अमेझिंग आहे’ म्हणाला, आणि आमच्याच पायरीवर उभा राहून फोनवरून रंधा मागवला. पायरीवर! निदान कोपऱ्यापर्यंत जायचं.

दातार आणि कंपनी, सुतारकामाची हत्यारे, बुधवार पेठ. चौसष्ट वर्षं. कंपनी म्हणजे आधी वडील, आता मी.

३ जानेवारी, शुक्रवार

ठराव केला. ऑनलाइनवाल्यांना हरवायचं. पद्धत अजून ठरलेली नाही.

जेवताना सरोजिनी म्हणाली की शेजारचा एजाज, मोबाइल कव्हरवाला, अर्धं दुकान भाड्याने मागतोय. शांतपणे ऐकून घेतलं. पाडव्यापर्यंत थांब म्हणालो. पाडव्याला एजाजच मला त्याचं अर्धं दुकान देऊ करील. हे मनात म्हणालो.

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११

पद्धत ठरली.

सुरुची, म्हणजे आमची मुलगी, खराडीच्या एका ऑफिसात दिवसभर आलेख बघते. ती म्हणाली, हल्ली लोक वस्तू घेण्याआधी खाली इतरांनी लिहिलेली मतं वाचतात. म्हणजे शत्रूच्या दुकानात उभं राहून त्याच्या गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगायची सोय शत्रूनेच करून ठेवली आहे. इतका भोळा शत्रू मी पाहिला नव्हता.

अडचण एकच. मत लिहायचं तर वस्तू विकत घेतलेली बरी, नाहीतर कोणी विश्वास ठेवत नाही. एक रंधा मागवला. पत्ता सदाशिव पेठेतला, घरचा. दुकानावर पार्सल आलेलं गल्लीत दिसलं तर गैरसमज होतील.

टोपणनाव: काष्ठमित्र. सरोजिनी म्हणाली, वाळवीचं नाव वाटतं.

९ जानेवारी, गुरुवार

रंधा आला. दोन दिवसांत. आपला घाऊक व्यापारी तीन आठवडे घेतो, पण त्याच्याशी संबंध जुने आहेत.

खोका उघडला. रंधा ओळखीचा वाटला. खालचा शिक्का पाहिला. आपल्या कपाटातला आणि हा एकाच कारखान्यातले. पण आपला काचेच्या कपाटात वाढलेला आहे. संस्कार वेगळे.

११ जानेवारी, शनिवार

पहिलं मत प्रसिद्ध केलं. आधी फोनला तोंडी सांगितलं. त्याने ‘रंधा’चं ‘धंदा’ केलं. ‘धंदा बोथट आहे, तळ सपाट नाही, पैसे वाया.’ सरोजिनीने वाचलं आणि राहू दे म्हणाली, खरंच आहे. मग हाताने लिहिलं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे तिने मजकुरातले दोन दीर्घ ऱ्हस्व केले, आशयाबद्दल काही बोलली नाही.

मजकूर कडक. पातं बोथट येतं, तळ सपाट नाही, घेणाऱ्याने विचार करावा. दोन तारे. पण नुसता दोष सांगून थांबणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून पुढे उपायही लिहिला. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, तळ पाऊण तास घासा, पातं दगडावर असं धरा, एवढं केल्यावर रंधा जन्मभर पुरेल.

शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं. पण खरं होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

मेहबूबभाई आले. ते दर गुरुवारी येतात, तीस वर्षं. शहरातल्या निम्म्या जुन्या दारांना त्यांचा हात लागलेला आहे. स्टुलावर बसतात, चहा घेतात, जाताना काहीतरी नेतात, कधी स्क्रू, कधी कानस. आता नजर कमी झाली आहे, पण बोटांनी चाचपून फळी कुठे वाकलीय ते सांगतात.

त्यांचा रंधा झिजलाय. कपाटातला नवा दाखवला. हातात घेऊन बघितला, किंमत विचारली, बघू म्हणाले. घाई नाही म्हणालो. माझं गिऱ्हाईक विचार करून घेणारं आहे, अंगठ्याने बटण दाबणारं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

माझं मत त्रेचाळीस जणांना उपयुक्त वाटलं. तसं खाली छापून येतं. त्रेचाळीस कुटुंबं वाचली.

सुरुचीचं म्हणणं, तो रंधा आता यादीत पहिला दिसतोय, खप वाढलाय. तिला समजावलं की ते घाबरून माल संपवतायत. ती माझ्याकडे आलेखाकडे बघावं तशी बघत राहिली.

दुकानातही उठाव आहे. पॉलिश पेपर संपत आले. कारण कळत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

शत्रूचा अभ्यास वाढवला आहे. करवत, गुण्या, धारेचा दगड आणि पटाश्यांचा संच मागवून झाला. सरोजिनी विचारते, आपल्याच दुकानात पटाश्या असताना घरात पटाश्या कशाला. तिला व्यूहरचना कळत नाही.

अडचण वेगळीच आहे. पटाश्या चांगल्या निघाल्या. तीन दिवस दोष शोधला. लाकडात ठोकून बघितलं, मुठी हलवून बघितल्या. शेवटी सापडला: खोक्याचा पुठ्ठा पातळ आहे. तसं स्पष्ट लिहिलं. चार तारे, पाचवा पुठ्ठ्यासाठी कापला. त्यांना झोंबलं असणार.

खातं उघडलेलंच आहे म्हणून सरोजिनीने डोशाचा तवा मागवला. त्याच्यावरही मत लिहायला लावलं. लिहिलं. तव्याचं मत एकशे बारा जणांना उपयुक्त.

८ फेब्रुवारी, शनिवार

एजाजला कव्हरं टांगायला जागा कमी पडते. आपली डावीकडची भिंत तात्पुरती दिली. ही माघार नाही. कव्हरं बघायला गर्दी येईल, गर्दीला पटाश्या दिसतील.

आज दुकानात चाळीसेक माणसं येऊन गेली. वडिलांच्या काळातही एवढी येत नसत. त्यातल्या एकाने करवतीला पाठ टेकली. कव्हर न घेताच गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केयूर पुन्हा आला. पायरीची आठवण त्याला नव्हती, मला होती. त्याने विचारलं, काका, काष्ठमित्र माहीत आहेत का? मी म्हणालो, ऐकून आहे. तो म्हणाला, त्यांनी रंध्याचा तळ काचेवर घासायला सांगितलाय, ते बरोबर आहे का, तुमचं मत हवं होतं.

शंभर टक्के बरोबर, असं तोंडून गेलं. मग आपण कोणत्या बाजूला आहोत ते आठवलं. म्हणालो, हल्ली कोणीही उठून काहीही लिहितं. त्यावर तो थोडा दुखावला. म्हणाला, नाही काका, ते जेन्युइन आहेत, त्यांचं वाचूनच आमच्या ऑफिसात नऊ जणांनी रंधे घेतले.

नऊ. दहा मिनिटं छान वाटलं. मग अकरावं मिनिट आलं.

त्याने एक पॉलिश पेपर घेतला. शेवटचा होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

त्या ऑनलाइन कंपनीचं पत्र. काष्ठमित्र यांना आम्ही विश्वासू जाणकारांत धरतो, यापुढे नवीन हत्यारं तुम्हाला विनामूल्य पाठवू, प्रामाणिक मत कळवावे. शत्रू हादरला आहे. लाच देऊ पाहतोय.

ताबडतोब नाकारायचं ठरवलं. नाकारायचं बटण सुरुचीलाही सापडलं नाही. तोवर पहिला खोका आला. जपानी करवत. ओढताना कापते, ढकलताना नाही. बघावं म्हणून एक फळी कापली. मग दुसरी. मग सरोजिनी म्हणाली, पाट आहे तो.

पाच तारे द्यावे लागले. त्याला माझा नाइलाज आहे. करवतीने काय गुन्हा केला?

६ मार्च, गुरुवार

मेहबूबभाई आले नाहीत. रोजे आहेत, उन्हात कशाला येतील.

एजाजने तात्पुरता काउंटरचा एक कोपरा मागितला. दिला. त्याला दिवसाकाठी शंभर गिऱ्हाइकं सांभाळायची असतात, मला एवढी नाहीत. माझी निवडक आहेत.

१३ मार्च, गुरुवार

मेहबूबभाई आजही नाहीत. स्टुलावर एजाजची गिऱ्हाइकं बसतात.

२० मार्च, गुरुवार. दुपार

मेहबूबभाई आले. रोजा असल्यामुळे चहा नाही. बगलेत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. माझ्यासमोर काउंटरवर ठेवून उलगडलं.

रंधा. तोच.

लपवाछपवी त्यांच्यात नाही. म्हणाले, सुनेने, मिसबाने, फोनवरून मागवला. खाली एकाने फार बारकाईने लिहिलंय, ते तिने मला दोनदा वाचून दाखवलं. त्याने सांगितलं तसा काचेवर तळ घासला, पातं लावलं. तुम्ही बघाच.

माझ्याच दुकानातला सागाचा तुकडा घेतला आणि रंधा फिरवला. ढलपी कांद्याच्या सालीसारखी निघाली, आरपार उजेड दिसेल अशी. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. इतका सुरेख लावलेला रंधा मी पुष्कळ वर्षांत बघितला नव्हता.

मग टॉवेल पुन्हा गुंडाळत म्हणाले, “लिहिणारा माणूस जाणकार आहे. दुकानदार नसणार.”

मी विचारलं, का नसणार?

“दुकानदार असं सगळं सांगून टाकेल का, शेठ?”

तीस वर्षं ह्याच स्टुलावर बसवून मी त्यांना सगळं सांगत आलो आहे. ते म्हणावंसं वाटलं. सागाचा तुकडा उचलून जागेवर ठेवला. ते रंधा बगलेत घालून गेले. जाताना नेहमीसारखं काही नेलं नाही.

रात्री सरोजिनीने विचारलं, भाकरी का टाकलीत. पोट बरं नाही म्हणालो. ताट उचलताना एवढंच म्हणाली की तुम्ही ते पहिलं मत फार चांगलं लिहिलं होतंत, मी ऱ्हस्व-दीर्घाच्या नादात सांगायला विसरले.

२२ मार्च, शनिवार

ठराव. काष्ठमित्र बंद. आजपासून एक अक्षर लिहायचं नाही.

संध्याकाळी एका गृहस्थाने कानशीबद्दल प्रश्न विचारला होता, तेवढं उत्तर दिलं. तो चुकीच्या दिशेने घासत होता.

३० मार्च, रविवार. पाडवा

अर्धं दुकान एजाजला दिलं. मुहूर्त साधला. त्याने पेढे आणले, नवी पाटी लावली, आत दिवे असलेली. त्या उजेडात आपली पाटी प्रथमच संध्याकाळीही वाचता येते. हा फायदा आधी लक्षात आला नव्हता.

काचेचं कपाट मागे सरकवलं. मागे धूळ कमी बसते.

सुरुची आली होती. म्हणाली, बाबा, वाईट वाटतंय का? म्हणालो, छे, हे एकत्रीकरण आहे. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. ही सवय तिला कधी लागली कोण जाणे.

३ एप्रिल, गुरुवार

मेहबूबभाई ईदचा शीरखुर्मा घेऊन आले, डबा भरून. बरोबर रंधाही. स्टूल एजाजच्या बाजूला गेलं होतं, ते मी परत आणलं. चहा मागवला.

त्यांची एक अडचण होती. एका दाराची सागाची फळी आहे, तिच्या तंतूंची रेषा मध्येच उलटी फिरते आणि रंधा तिथे लाकूड ओरबाडतो. नव्या रंध्याचा दोष असेल का, असं विचारत होते.

रंध्याचा दोष नाही, मी म्हणालो. पात्यावरची पट्टी धारेच्या अगदी जवळ आणा, नखभर अंतर ठेवा. पातं कमी बाहेर काढा. आणि तेवढ्या भागात फळी फिरवून उलट बाजूने या.

त्यांनी अदबीने ऐकून घेतलं. मान हलवली. मग खिशातून फोन काढला.

“असेल तसंही,” ते म्हणाले. “पण त्याला एकदा विचारून घेऊ.”

टायपिंग त्यांना जमत नाही. फोन माझ्या हातात दिला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. काष्ठमित्र यांस नमस्कार, सागाची फळी आहे, रेषा उलटी फिरते. पाठवलं. माझ्या खिशात टिंग वाजलं. एजाजच्या बाजूला दिवसभर तेच वाजत असतं, त्यामुळे त्यांचं लक्ष गेलं नाही.

फोनला कव्हर बघून येतो म्हणून ते पलीकडे गेले. मी पाठमोरा होऊन कपाटाशी उभा राहिलो आणि उत्तर लिहिलं. वेगळं काही सुचेना. तेच लिहिलं, शब्दाला शब्द. सुरुवातीला ‘आदरणीय’ जोडलं.

ते परत आले तोवर त्यांचा फोन वाजला होता. एवढ्या लवकर, म्हणाले, आणि खूश झाले. फोन हातभर लांब धरून सगळं उत्तर सावकाश मोठ्याने वाचलं. पट्टी धारेजवळ. नखभर अंतर. पातं कमी बाहेर. फळी फिरवून. मध्ये थांबून एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता.

फोन खिशात ठेवला. चहा संपवला. कप काउंटरवर ठेवून मला समजावल्यासारखं म्हणाले, “शेठ, ह्याचं वाचत जा. फायदा होईल.”

वाचतो म्हणालो.