त्या सकाळी गाडीमागे

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी यांस,
प्रभूच्या नावात वहिनीचा सप्रेम सलाम. वि. वि.

आधी खाली बसा. तुम्ही उभ्यानं जेवता आणि उभ्यानंच पत्रं वाचता, हे मला पक्कं ठाऊक आहे. बसलात? मग ऐका. ह्यांनी काल तुम्हाला माफ केलं. घरात, माझ्यापाशी कुजबुजत नाही, तर चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून.

आपल्या मंडळीची रीत तुम्ही विसरला नसाल. प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब विचारतात, की कुणाच्या मनात कुणाविषयी काही राहिलंय का. ज्याच्या असेल तो गुपचूप उठून मागच्या बाकावर जातो आणि त्या दिवशी भाकरीला हात लावत नाही. चिंगी गेल्याला दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षं दर महिन्याला हे उठून मागे जात होते. भोजनाची भाकर आपल्याच बेकरीत भाजायची, पीठ ह्यांनी मळायचं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मेजावर ह्यांनीच नेऊन ठेवायची, आणि खायची मात्र नाही. मी पुढे एकटी बसायची. लोकांच्या नजरा पाठीला टोचायच्या, पण काय करणार.

काल उठले ते मागे गेलेच नाहीत. जागेवरच उभे राहिले आणि म्हणाले, की माझी मुलगी माझ्या भावाच्या गाडीखाली गेली, आणि मी भावाला क्षमा केली आहे. एवढंच. मग काय सांगू! पाळकसाहेबांनी मिठी मारली, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई वाजवायचं सोडून डोळे पुसत बसल्या. मी तर ह्यांचा हात सोडलाच नाही.

आता महिनाअखेरीला सुट्टी काढा आणि या. त्या गोदामात खोकी मोजून मोजून वाळून काठी झाला असाल. शर्ट घेऊन या, बटणं लावून देईन. तुम्ही लावलेलं बटण आठवडाभरही टिकत नाही.

वाट बघते आहे. लोभ तर आहेच, तो काही पत्रात मागायला नको.
तुमची,
वहिनी


ता. १० फेब्रुवारी

ती. दादास,
बारक्याचा सप्रेम सलाम. वि. वि.

वहिनींचं पत्र दुपारच्या सुट्टीत मिळालं. बसून वाच म्हणाल्या होत्या तसं खोक्यावर बसून वाचलं, आणि मग उठताच येईना. मुकादमाला वाटलं घरी कुणी गेलं. तो पाणी घेऊन धावत आला. मी नुसता हसत होतो आणि रडत होतो.

दादा, तुझ्या तोंडून ते शब्द निघाले, तेही सगळ्यांसमोर, ह्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. इतकी पत्रं घातली, एकाचंही उत्तर आलं नाही, तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे आता असंच चालायचं. त्या दिवसापासून मी चाकाला हात लावलेला नाही. गोदामाच्या आवारात ट्रक मागे घ्यायला लागले की मी मोरीत जातो आणि नळ सोडून उभा राहतो. सगळे चेष्टा करतात, म्हणतात ह्याला सारखी तहान लागते. काल मात्र नळ न सोडता उभा राहिलो. ट्रक थांबेपर्यंत उभा राहिलो.

चोवीस तारखेपासून चार दिवस सुट्टी मिळाली आहे. मी बेकरीच्या मागच्या आवारातून येणार नाही, पुढच्या दुकानाच्या दारानं येईन. आणि दादा, एकदा मला चिंगीच्या कबरेपाशी घेऊन चल. तिला पुरलं तेव्हा मी चौकीत होतो. मी अजून तिचं दगडावरचं नाव पाहिलेलं नाही.

प्रभूनं तुझ्या मनात जे केलं ते तो टिकवून ठेवो.
तुझा धाकटा,
बारक्या


ता. १५ फेब्रुवारी

बारक्यास,
सलाम.

येऊ नकोस.

मी मंडळीत खोटं बोललो. मी तुला माफ केलेलं नाही.

शब्बाथ शाळेतला क्षमेचा पाठ माझ्याकडेच असतो, तुला माहीत आहे. सात वेळा नाही, साताच्या सत्तर पट. पोरं बोटांवर गुणाकार करतात आणि चारशे नव्वद म्हणून ओरडतात, दर वर्षी. ह्या वर्षी चिंगीच्या वर्गातल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, की सर, तुम्ही तुमच्या भावाला कितीदा केलीत. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, मोजून सांगायचं असतं असंच तिला वाटत होतं. मग आलेल्या रविवारी लाजेपायी उभा राहिलो आणि बोलून गेलो. लोकांनी मिठ्या मारल्या. तुझी वहिनी दोन वर्षांनी हसली. आणि भाकर तोंडात घेतली ती गिळेना. मीच मळलेली, मीच भाजलेली. शेवटी रुमालात काढली. प्रभूच्या मेजावरची भाकर रुमालात काढणारा माणूस दुसऱ्यांच्या पोरांना काय शिकवणार?

आणखी एक विचारतो. तू गप्प का आहेस? त्या सकाळी मी भट्टीपासून काय ओरडलो, ते तू ऐकलंस. गाडीची काच खाली होती, ऐकलंसच. पोलिसांना सांगितलं नाहीस, तुझ्या वहिनीला सांगितलं नाहीस. पत्रामागून पत्र घालून क्षमा मागतोस आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीस. तुझं पत्र आलं की मला वाटतं कुणी गालात मारली. एकदाच काय ते तोंडावर बोलून टाक.

वहिनीला काहीतरी कारण कळव. सुट्टी रद्द झाली म्हण.
दादा


ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

सुट्टी परत केली. वहिनींना काहीच कळवलेलं नाही, कारण खोटं कारण लिहवेना आणि खरं लिहायचा हक्क माझा नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर कधीच लिहिलं नसतं. हो, ऐकलं. हमालमामा त्या दिवशी आजारी होते. गाडी मागे घेताना रोज तेच पाठीमागे उभे राहून गाडीचा पत्रा वाजवायचे, दोनदा वाजवला की ये, एकदा जोरात वाजवला की थांब. तुझे पाव भट्टीत होते, हातातलं काम सोडता येत नव्हतं. तू चिंगीला ओरडून सांगितलंस, की गाडीमागे जा आणि काकासाठी पत्रा वाजव. ती पळत गेली. मग दोनदा पत्रा वाजला.

आता माझं ऐक. तो हात लहान होता, हे मला कळलं होतं. मामांच्या हाताचा आवाज भरभक्कम यायचा, हा कसा टिचक्या मारल्यासारखा आला. मी खाली उतरून बघायला हवं होतं. दुकानं उघडायच्या आत पाव पोचवायचे होते, म्हणून उतरलो नाही. तिला दोनदा वाजवायचं माहीत होतं, थांबवायचं तिला आपल्यापैकी कुणीच शिकवलं नव्हतं. तू तिला पाठवलंस, मी न उतरता गाडी घेतली. मी माझ्याच वाट्याची क्षमा मागत होतो, दादा. तुझं नाव घेऊन माझा वाटा कमी झाला नसता.

प्रीती पापांवर पांघरूण घालते असं आईनं शिकवलं, म्हणून गप्प राहिलो. पण आपलं होय ते होय असावं, हेही तिनंच शिकवलं. वहिनींनी मला माफ केलं तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी चोरासारखंही वाटलं. त्यांना अर्धंच ठाऊक होतं. पांघरूण घातलं की फसवलं, हे मला अजून सांगता येत नाही. तुला काय करायचं ते तू ठरव. मी तोंड उघडणार नाही.

जपून राहा. भट्टीपाशी नीट जेवत जा.
तुझाच,
बारक्या


ता. २ मार्च

भाऊजी यांस,
सलाम.

तुमच्या दादांनी मला सगळं सांगितलं. तुमचं पत्रही पुढे ठेवलं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ह्यांना ठाऊक होतं. त्या घरात मी एकटीच शहाणी होते म्हणायची! दोन वर्षं मी ह्यांना समजावत बसले, की अहो, भावाला माफ करा, मन मोकळं होईल. हे मान खाली घालून ऐकून घ्यायचे. काय वाटत असेल हो ऐकताना?

मी तुम्हाला कशी माफी दिली ते तुम्हाला वाटतं तितकं सोपं नव्हतं. तिच्या खोलीत, तिच्या पलंगापाशी महिनाभर गुडघे टेकून बसायची. पहिले आठ दिवस तुमचं नावही तोंडून निघायचं नाही, शिव्या निघायच्या. देवाला म्हणायची, की तू तुझा मुलगा दिलास, पण तुला तो तिसऱ्या दिवशी परत मिळाला. असलंही बोलून गेले. मग एक दिवस तुमचं नाव निघालं. मग रोज निघायला लागलं. जीव पिळून, होतं नव्हतं ते सगळं घालून मी ती एक माफी केली. आता दुसरी कुठून आणू? माझ्याकडे होती ती मी तुम्हाला देऊन बसले.

ह्यांनी तिला पाठवलं याचा राग नाही असं म्हणवत नाही. आहे. पण त्याहून जास्त राग ह्याचा आहे, की ती शेवटचं कुणाचं ऐकून कुठं गेली, हे तिच्या आईला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला वाटायचं ती खेळता खेळता गेली असेल. ती कामाला गेली होती. काकाला मदत करायला. किती खूश झाली असेल हो, मोठ्या माणसाचं काम मिळालं म्हणून.

तुम्हाला दिलेलं मी परत घेत नाही. पण सध्या पत्र लिहू नका.
वहिनी


ता. ९ मार्च

प्रिय बारक्या,
दादाचा सप्रेम सलाम. वि. वि.

वहिनीनं तुला लिहिलं, हे मला टपालाच्या पावतीवरून कळलं. काय लिहिलं ते विचारायची छाती नाही.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कोटाच्या खिशात घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी ती पावाचे साचे पुसत होती, तेव्हा सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. तिनं हातातला साचा पुसून पालथा ठेवला, हात फडक्याला पुसले आणि चिंगीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून तिथंच राहते. माझं ताट वाढून ठेवते, कपडे धुते, पण बोलत नाही आणि माझ्याकडे बघतही नाही.

मंडळीतही सांगितलं. उभा राहून म्हणालो, की गेल्या महिन्यात मी खोटं बोललो, भावाला क्षमा केली नव्हती, कारण त्याला सोडलं असतं तर मागे दोषी मी एकटाच उरलो असतो. ह्या वेळी मिठी मारायला कुणी उठलं नाही. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. शब्बाथ शाळा पाळकसाहेबांनी दुसऱ्याकडे दिली, बरंच केलं.

बारक्या, तुझी जुनी पत्रं मी पहिली ओळ वाचून कपाटात टाकत होतो. आता सगळी काढून वाचतोय. माफी मागतात कशी, ते मला येत नाही रे. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, स्वतः कधी मागितलीच नाही. तुझी पत्रं वाचून शिकतोय. एका पत्रात तू म्हटलंयस, की रोज सकाळी उठल्यावर अर्धा क्षण काहीच आठवत नाही आणि मग आठवतं. ते वाचून मी पीठ तसंच सोडून बसलो. माझंही तेच होतं. दोन वर्षं आपल्या दोघांचं एकच होत होतं, आणि मी तुला एकट्याला सोडून दिलं. माझ्या वाट्याचंही तुझ्याच डोक्यावर ठेवलं. त्याची मला माफी दे. तुझ्या वाट्याचं म्हणशील, तर मी तुला केव्हाच माफ करायला हवं होतं. आज केलं. आज ते जड गेलं नाही.

सुट्टी पुन्हा मिळते का बघ, आणि ये. आधी तुला चिंगीकडे नेतो. मग घरी येऊ. द्यायला माझ्याकडे काही आहे म्हणून बोलावत नाही. आता जे काही आहे ते तुझ्या वहिनीपाशी आहे, आणि तिनं दार लावून घेतलंय. ते उघडेल की नाही, देव जाणे. मी रोज थोडा वेळ त्या दाराबाहेर जमिनीवर बसतो. नुसता बसतो. आत तिला कळतं. एकट्यानं बसवत नाही रे. तू आलास तर दोघं बसू.

वाट पाहणारा,
तुझा दादा