सुईतला धागा

दीक्षा,

तू ब्लाउज द्याले गेली अन् मी तुही शिलाई मशीन विकाले गिऱ्हाईक बोलावलं. कंपनीत माहा डावा हात दबला तवापासून घर त्याच मशीनवर चालून राहिलं, हे ठाऊक असून. पैशाची नड होती, अन् बाबाची बाजापेटी मात्र मले सोडवत नव्हती.

गिऱ्हाईकानं विचारलं, "बाईले सांगितलं का?" मी मशीन परत झाकली. मग त्याले पेटीच विकून टाकली. तसाही भाता दाबाले हात कुठं आहे.

तुह्यासमोर उभं राहाची लाज वाटते, म्हणून मायकडे कुही गावाले जातो. उद्या येईन.

मशीन जागेवरच आहे. दाखवाच्या घाईत सुईतला धागा मीच ओढून काढला होता. एका हातानं लय वेळ ओवून पाहिला, गेला नाही.

संघपाल